‘एअरप्लेन!’मध्ये कोणीच हसत नाही

‘एअरप्लेन!’ हा १९८० सालचा अमेरिकी चित्रपट गेल्या रविवारी भाचीबरोबर पुन्हा पाहिला. ज्या आपत्तिपटांची यात टर उडवली आहे, त्यांतला एकही तिने पाहिलेला नाही. तरीही मी ज्या ज्या जागी हसत आलो आहे, जवळजवळ त्या सगळ्या जागी तीही हसली. मूळ कलाकृती विस्मरणात गेली की तिचे विडंबनही निस्तेज होते, असे मी इतकी वर्षे मानत आलो होतो. हा चित्रपट टिकला, याचे कारण मला एकच दिसते : यातल्या एकाही पात्राला आपण विनोदी चित्रपटात आहोत याचा पत्ता नाही.

हा चित्रपट लिहिणारे आणि दिग्दर्शित करणारे डेव्हिड आणि जेरी हे झकर बंधू आणि त्यांचा मित्र जिम अब्राहम्स हे तिघे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचे. प्रहसनांसाठी जाहिरातींची खिल्ली उडवता यावी म्हणून ते टीव्हीवरचे रात्री उशिराचे कार्यक्रम टेप करून ठेवत, आणि अशाच एका टेपवर त्यांना १९५७ सालचा ‘झीरो अवर!’ सापडला. विमानातल्या जेवणातून विषबाधा होऊन वैमानिक आडवे होतात आणि युद्धातल्या आठवणींनी खचलेल्या एका माजी लढाऊ वैमानिकावर विमान उतरवण्याची वेळ येते, अशी त्याची गोष्ट. ती बांधणी त्यांना इतकी भक्कम वाटली की त्यांनी रीतसर हक्क विकत घेतले आणि नायकाचे आडनाव, प्रसंगांचा क्रम, काही संवादसुद्धा जवळजवळ तसेच ठेवले. विमान चालवता येणारा आणि शिवाय रात्री मासे न खाल्लेला माणूस शोधायला हवा, हे वाक्य मुळात अत्यंत गांभीर्याने उच्चारलेले आहे. विशेष म्हणजे ती मूळ कथा आर्थर हेली यांची, आणि ज्या ‘एअरपोर्ट’ने १९७० साली आपत्तिपटांची लाट आणली तोही त्यांच्याच कादंबरीवर बेतलेला.

या उसन्या सांगाड्यामुळेच, चुटक्यांचा एवढा मारा चालू असतानाही, विमान सुखरूप उतरेल ना, ही काळजी शेवटपर्यंत जिवंत राहते. पात्रयोजनाही याच विचाराने केलेली आहे. लेस्ली नील्सन, रॉबर्ट स्टॅक, लॉइड ब्रिजेस, पीटर ग्रेव्ह्ज हे चौघेही तोवर प्रामुख्याने गंभीर भूमिकांसाठी ओळखले जात. नील्सन तर १९७२ च्या ‘द पोसायडन ॲडव्हेंचर’मध्ये बुडणाऱ्या जहाजाचे कप्तान होते. तोच भारदस्त आवाज घेऊन ते इथे डॉक्टर होतात. आजारी बाईला ताबडतोब हॉस्पिटलमध्ये हलवावे लागेल, असे ते सांगतात. हवाईसुंदरी घाबरून विचारते, “हॉस्पिटल! काय आहे?” तिला आजार काय आहे हे विचारायचे असते. डॉक्टर उत्तर देतात की ती रुग्ण असलेली एक मोठी इमारत असते, पण आत्ता ते महत्त्वाचे नाही. हे सांगताना त्यांच्या कपाळावरची चिंतेची आठी जराही हलत नाही. त्यांनी ओठांची किंचित जरी हालचाल केली असती, तरी तो प्रसंग साधा चुटका झाला असता. (हा श्लेष मराठीतही तसाच लागू पडतो, याचा मला फार आनंद वाटतो. ‘नक्कीच’ या अर्थाचा इंग्रजी शब्द ‘शुअरली’ आणि ‘शर्ली’ हे बाईचे नाव यांवरची प्रसिद्ध कोटी मात्र कितीही धडपडले तरी मराठीत आणता येत नाही.)

हीच शिस्त कानांनाही जाणवते. पडद्यावर जेट विमान दिसते आणि आवाज येतो पंख्याच्या जुन्या विमानाचा. पहिल्यांदा पाहताना हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. संगीत एल्मर बर्नस्टाइन यांचे आहे, ‘द टेन कमांडमेंट्स’ला संगीत देणाऱ्यांचे, आणि ते खऱ्याखुऱ्या संकटाचे संगीत वाटते.

यातले सगळेच आज चालण्यासारखे नाही. कॉकपिटमध्ये आलेल्या लहान मुलाला कप्तान जे प्रश्न विचारतो, ते ऐकताना भाचीशेजारी बसून मला अवघडल्यासारखे झाले, आणि तो भाग मी तिच्यापुढे सावरून घेणार नाही. १९८२ साली आलेल्या दुसऱ्या भागात झकर बंधू आणि अब्राहम्स नव्हते, आणि तो मला पूर्ण पाहवला नाही. नंतरच्या कित्येक विडंबनपटांत पात्रे प्रेक्षकांकडे पाहून डोळे मिचकावतात आणि गाजलेल्या चित्रपटाची आठवण करून देण्यालाच विनोद समजतात. त्यात जीव गुंतवावा असे विमानच नसते.

सुमारे ३५ लाख डॉलरमध्ये तयार झालेल्या या चित्रपटाने एकट्या उत्तर अमेरिकेत ८ कोटींहून अधिक डॉलर मिळवले आणि २०१० साली जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याचा समावेश झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नील्सन गेले. भाचीला सर्वांत आवडलेला प्रसंग त्यांचाच निघाला : ऐन आणीबाणीत ते कॉकपिटमध्ये डोकावून विमान उतरवू पाहणाऱ्या दोघांना शुभेच्छा देतात, आम्हा सर्वांची भिस्त तुमच्यावर आहे असे सांगतात, आणि पुढे विमान जमिनीवर टेकून थांबल्यावरही पुन्हा डोकावून, तितक्याच कळकळीने, तेच सांगतात.