सत्याहत्तर टक्के म्हणजे किती मुले?

दहावीचा निकाल लागला की गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या व्हॉट्सॅप गटांतून एक मेसेज फिरू लागतो. यंदा तो मला तिघांनी पाठवला, त्यातले दोघे माझेच जुने विद्यार्थी. मजकूर थोडक्यात असा: गावच्या सरकारी हायस्कुलाचा निकाल शंभरावरून ७७ टक्क्यांवर कोसळला, कारण तिथे आता सगळी भायल्यांची, म्हणजे बाहेरून आलेल्यांची, मुले आहेत. गावच्या लोकांनी शहाणपणाने आपली मुले आधीच काढली. तेव्हा अशा शाळा बंद करून एकत्र करा, सरकारचा पैसा वाचवा. शाळेचे नाव मी घेत नाही. हे वर्णन कित्येक शाळांना लागू पडेल.

पहिला मुद्दा निकालाचा. मेसेजात टक्के आहेत, मुले किती ते नाही. छोट्या शाळेत ७७ टक्के कधी येतात? नऊ मुले बसली आणि दोन राहिली की. नऊ जणांच्या वर्गात एकेक मूल अकरा टक्क्यांचे असते. एकाला परीक्षेच्या आठवड्यात ताप आला, एकीचे गणित गेले, की शाळा 'कोसळली'. आदल्या वर्षी सहाच्या सहा पास झाली तेव्हा शंभर टक्के लागले होते, तेव्हा त्या शाळेचे कौतुक करणारा मेसेज मला काही आला नाही. राज्याचा निकाल नव्वदीच्या वर असतो म्हणून तुलना करतात. पण तो अठरा-एकोणीस हजार मुलांचा निकाल आहे, तिथे दोन मुले दिसतही नाहीत. नऊ मुलांच्या शाळेचे काही ठरवायचेच असेल तर निदान आठ-दहा वर्षांची मुले एकत्र मोजा.

शिवाय ती दोन मुले आली कुठून? माझ्या नोकरीत असे दाखले पुष्कळ हाताखालून गेले. निकाल शंभर टक्के ठेवणाऱ्या शाळेतून नववी संपताना 'याला झेपणार नाही' म्हणून दाखला हातावर ठेवलेला मुलगा जूनमध्ये आमच्या दारात उभा. सरकारी शाळा त्याला नाही म्हणत नाही. त्या शाळेचा शंभराचा आकडा आणि आमचा ७७ चा आकडा एकाच मुलाने बनवलेला असू शकतो.

आता भायल्यांची मुले. आणखी एक शब्द मेसेजात आहे, तो मी लिहीत नाही. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पाणी सोडणारे, बांधकामावर राबणारे कर्नाटकातले, झारखंडातले आईबाप आहेत, त्यांची मुले पटावर आहेत, हे खरे. पण त्यांना भाषा कळत नाही म्हणून निकाल पडतो, हे म्हणणारा माणूस स्वतःचे बालपण विसरला असावा. आमच्या घरात बोलणे कोंकणी. पहिलीच्या फळ्यावर मराठी. चौथी संपली की पाचवीला हायस्कुलात एका उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे इंग्रजी: 'क्षेत्रफळ' शिकून आलेल्या पोराला 'एरिया' म्हटले की ते खिडकीबाहेर बघते. घरी कन्नड किंवा लमाणी बोलणाऱ्या मुलालाही हाच जिना चढावा लागतो, फक्त खालची पायरी वेगळी. पाचवी-सहावीत जी मुले अडखळतात त्यांत गावकार आणि भायला असा फरक मला तरी दिसला नाही. पहिलीपासून आमच्याकडे असलेली गदगची पोरगी शुद्धलेखनात आमच्यातल्या भटाच्या मुलाला मागे टाकायची.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. आईबापाचे काम संपले की मूल जाते, जत्रेला गावी गेले की तीन आठवडे येत नाही, ऑक्टोबरात परत आले तर वर्ग पुढे गेलेला असतो. याने नुकसान होते, फार होते. पण ते कामाच्या फिरतीचे नुकसान आहे. फिरतीच्या नोकरीतल्या कुठल्याही साहेबाच्या मुलाचे तेच होईल, फक्त त्याला शिकवणी लावलेली असते.

आणि गावच्या लोकांनी मुले 'काढली', हे तर अर्धेच खरे. काढायला आधी मुले असावी लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्याचा प्रजननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुले, १.३ आहे, लोकसंख्या टिकायला सुमारे २.१ लागतो. ज्या वाड्यावर पूर्वी घरटी चार पोरे होती तिथे आज एक. उरलेली का गेली? नव्वदीच्या सुरुवातीपासून प्राथमिकचे अनुदान मराठी-कोंकणी शाळांनाच होते. २०११ साली इंग्रजीलाही द्यायचे ठरले. शहरातल्या शाळांना केजी होती, सरकारी प्राथमिकला वर्षानुवर्षे नव्हती. तीन वर्षांचे पोर एकदा केजीत गेले की ते पहिलीला परत येत नाही. त्यात अनुदानित शाळांना सरकारनेच 'बालरथ' नावाच्या बसगाड्या दिल्या. सकाळी सात वाजता सरकारी पैशाची बस सरकारी शाळेच्या फाटकासमोरून मुले उचलून नेते आणि मग सरकारच विचारते, पट का घसरला.

शिकवणे वाईट होते म्हणून गेली, असेही मेसेज म्हणतो. शिक्षणहक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. एकच शिक्षक चार इयत्ता घेतो, त्यात मतदारयाद्यांचे काम, त्यात आहाराची नोंद. हा दोष आहेच. तो पटावर कोणाची मुले आहेत यामुळे येत नाही, दुसरी जागा भरली नाही यामुळे येतो.

राहिले एकत्रीकरण. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात वाड्यावाड्यावर शाळा उघडल्या त्या मुलांना चालत जाता यावे म्हणून. ज्या शाळेत आमची मुले न्यायची म्हणतात ती तीन किलोमीटरवर आहे, मध्ये रान आणि एक वहाळ. कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी एसटीची, सकाळची बस साडेसातला. जुलैत वहाळाला पाणी चढले की ती वळणावरच थांबते, आणि दुसरी येते ती प्रार्थना, हजेरी आणि पहिला तास झाल्यावर.