माप वर सरकतं

आज दुपारी दोन सलवार-कुर्ते शिवायला टाकायला गेले होते. तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

आमच्या शिलाईवाल्या ताईंच्या वहीत प्रत्येकीचं माप असतं. माझं पान सहा वर्षांपूर्वीचं : कंबर 31, सीट, म्हणजे नितंबांचा घेर, 40. आज टेप लावली तर कंबर 35, सीट 39. आकडे मोठ्याने म्हणायची त्यांना सवय आहे. बाकावर बसलेली तिशीतली एक मुलगी लगेच म्हणाली, "काकू, रात्रीचं जेवण बंद करा, महिन्यात पोट आत जाईल."

मला तिथे शब्दच सुचला नाही. आता सुचतायत.

अगं, सीट एक इंचाने कमी झाली ते ऐकलंस का? खाऊन अंग सुटलं असतं तर सगळीकडूनच सुटलं असतं ना! सहा वर्षांत माझं वजन जेमतेम दोन किलो वाढलंय. जुन्या सलवारी मांडीत ढगळ होतात आणि नेफ्यात रुततात. संध्याकाळी नाडी सोडली की कमरेवर लाल वळ असतो.

पाळी सुरू असते तोवर इस्ट्रोजेन हे शरीरातलं संप्रेरक बाईची चरबी मांड्यांवर, नितंबांवर, कातडीखाली साठवून ठेवतं. पाळी जायच्या आधीची दोन-चार वर्षं ते वरखाली होतं, मग उतरतं. आपल्याकडे सरासरी 46-47 व्या वर्षीच पाळी जाते. मग चरबी पोटाकडे वळते, आतड्यांभोवती, यकृताभोवती जमते. स्नायूही झडत जातात. यात त्या भाकरीचा काय दोष?

हो, माझं काम बैठं आहे, चालणं कमी झालंय, वयाने वजन वाढतंच. मान्य. पण म्हणून ज्याने-त्याने ताटात डोकवायचं?

गेल्या वर्षी रात्री घामाने उशी भिजायची, झोप लागायची नाही, म्हणून डॉक्टरांकडे गेले. काट्यावर उभं केलं आणि "वजन उतरवा" म्हणून वाटेला लावलं. कमरेला टेप लावली नाही. खरं तर बघायची ती कंबरच! भारतीय बाईची कंबर 80 सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचांच्या वर गेली की साखर, रक्तदाब, हृदय यांकडे लक्ष द्यायला हवं. ही आतली चरबी काट्यावर दिसत नाही. सहा वर्षांपूर्वी मी या रेषेच्या आत होते, आज साडेतीन इंच बाहेर आहे. हे मला एका शिलाईच्या दुकानात कळावं?

आणि उपाशी राहून तर स्नायू आणखी झडतात. वजनं उचला, डाळ-उसळ-अंडी नीट खा, झोप सांभाळा, घाम फारच छळत असेल तर त्यावर औषधं आहेत, ती विचारा. एवढं सांगायला किती वेळ लागतो?

ती मुलगी गेल्यावर ताईंनी टेप गळ्यात अडकवली आणि हळूच म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका. पाळी गेली की माप वर सरकतं. माझ्या वहीत सगळ्यांचंच सरकलंय." पन्नाशीच्या सगळ्या बायका त्या वहीत आहेत. कुणी कुणाला बोललेली नाही. जुन्या आकड्यांवर एक बारीक रेघ मारून त्यांनी शेजारी नवे लिहिले. मला तिथेच रडू येत होतं.

घरी येऊन आईला फोन केला. ती 76 वर्षांची आहे. वहीचं सांगितलं. बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मला वाटायचं भातानेच होतंय. तुझी आजी घालूनपाडून बोलायची, म्हणून मी बारा वर्षं रात्रीचा भात सोडला होता."

बारा वर्षं. आणि आम्ही मुलं समोर बसून आमटी-भात ओरपत होतो. एकदाही विचारलं नाही, आई, तू का घेत नाहीस.

उद्या रात्री तिला जेवायला बोलावलंय. वरणभात करतेय, वर तूप.