फुलं, मी आणि मागून ढकलणारे

फुलांचे फोटो काढायला उंची कमी लागते, हे उभ्या माणसांना सांगून पटत नाही. आमचे एक मित्र भारीतला कॅमेरा घेऊन तेरड्यासमोर उकिडवे बसतात आणि गुडघा धरून ‘आई गं’ करत उठतात, तोवर मी व्हीलचेअरचा ब्रेक लावून, आर्मरेस्टवर कोपर टेकून फोटो काढून मोकळा.

त्रास फुलांचा नाही ओ, माणसांचा. बेळगावात एकटा थांबलेला माणूस कुणाला बघवत नाही, त्यात व्हीलचेअरवाला म्हणजे विचारूच नका. क्लोजअपला फोकस असतो मिलिमीटरभर, वारा पडायची वाट बघत मी श्वास रोखून बसलेला, तेवढ्यात मागून कोणतरी पुण्यवान ‘अडकलीय व्हय गाडी, थांबा थांबा’ म्हणत स्वतःच ब्रेक काढून ढकलत नेतो ते थेट चहाच्या गाड्यापाशी, वर चहाचे पैसेपण तोच देतो, मग भांडणार कसं?

गटारीच्या कडेला एकदांडी काय झकास फुलते, पण तिथं कॅमेरा काढला की गर्दी. ‘काय मोजालाय सर, रस्ता परत रुंद करणार होय?’ दुसरा कन्नडमध्ये, ‘एन माडाकत्तीरी?’ म्हणजे काय करालाय. मी म्हटलं, ‘हूविन फोटो री,’ फुलाचा फोटो ओ. त्यानं गटार बघितली, मला बघितलं आणि लांब जाऊन कुणालातरी फोन लावला.

बागेत जावं तर रॅम्प. नियमानं एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार पाहिजे, आमच्याकडच्या एका बागेत तो तीन फुटात उरकलाय. चढताना दोन माणसं लागतात, उतरताना देव.

आता गल्लीत मी फुलवाला म्हणून फेमस झालोय. परवा रात्री काकूंचा फोन, ‘ब्रह्मकमळ उमलालंय, लगेच ये, सकाळपर्यंत मिटतंय ते.’ (ते मूळचं मेक्सिकोकडचं निवडुंग आहे हे मी काकूंना अजून सांगितलेलं नाही, रोज हळदीकुंकू वाहतात त्या.) घराला पायऱ्या, म्हणून काकांनी आणि पोरांनी कुंडीच उचलून गेटबाहेर आणली. मग शेजारी आले, नमस्कार झाले, सगळ्यांनी मोबाईलचे टॉर्च मारले, सेल्फी सुरू झाल्या. मला फ्रेममध्ये फूल सोडून सगळी गल्ली दिसत होती. शेवटी काकू ओरडल्या, ‘सरका की जरा, त्याला फोटो काढूदे!’ आणि सगळे सरकले ते माझ्या मागं येऊन उभे राहिले, दोघांनी तर मदत म्हणून खुर्चीचे हँडलपण धरले.