कामाला जाणाऱ्या बाईनंच पैसे का भरायचे?

मी कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेत सोनेतारणाच्या काउंटरवर बसते. सोनं गहाण ठेवायला लोक येतात ती कारणं ठरलेली असतात. पेरणी, लेकीचं लग्न, दवाखाना, थकलेलं उसाचं बिल. अलीकडं त्यात एक कारण वाढलंय, "परदेशी घरकामाला जायचंय."

गडहिंग्लजकडची एक ताई अशीच आली होती. तिशी ओलांडलेली, नवरा नाही, दोन मुलं आईकडं. तिनं कोल्हापुरी साज काढून ठेवला. साजाच्या मण्यांत लाख भरलेली असते, त्यामुळं सराफ ती वजनातून वजा करतो. वजा झाल्यावरचा आकडा ऐकून तिचा चेहरा उतरला. "एवढंच व्हय? आईचा हाय ओ तो." साजावर 70 हजार बसले. तिला लागत होते 1 लाख 10 हजार. उरलेले 40 हजार गावातल्या एकाकडून शेकडा 5 नं, म्हणजे महिन्याला 5 टक्क्यानं, उचलायचं तिचं ठरलं होतं.

कशाला एवढे, म्हणून विचारलं तर पर्समधनं वहीच्या पानाची घडी काढून दाखवली. एजंटानं निळ्या पेनानं लिहून दिलेलं: व्हिसा 45, मेडिकल 8, तिकीट 22, ऑफिस 30, इतर 5. वर नाव नाही, खाली सही नाही, शिक्का नाही. काम कुवेतला, पगार महिना 25 हजार. आणि व्हिसा? "व्हिजिटचा हाय, तिकडं गेल्यावर बदलून मिळतोय म्हणाले."

आता या कागदावर कायदा काय म्हणतो ते बघा. परदेशी नोकरीला माणसं पाठवायची तर 1983 च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणं नोंदणी लागते. नोंदणी असलेल्या एजंटालाही सेवाशुल्क जास्तीत जास्त 30 हजार आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे 'जाण्याआधी सरकारी तपासणी लागेल' असा शेरा असतो, आणि आखाती देशांत कामाला जाताना त्यांना सरकारची परवानगी काढावी लागते. अशा बायकांना घरकामासाठी जायला वयाची किमान अट 30 आहे, आणि 2016 पासून त्यांची भरती खाजगी एजंटाकडून नव्हे, केरळच्या नोर्का रूट्ससारख्या सरकारी संस्थांकडूनच व्हायला पाहिजे. म्हणून तर व्हिजिट व्हिसाची पळवाट काढतात. फिरायला चाललोय म्हटलं की परवानगी नको, करार नको, परदेशी जाणाऱ्या कामगारांचा 10 लाखांचा प्रवासी भारतीय विमा नको. उद्या काही झालं तर ती कामगार होती याचा कागदच नाही.

कुवेतचा कायदाही वाचा. 2015 साली त्यांनी घरकामगारांसाठी 68 नंबरचा कायदा केला. आठवड्याची सुट्टी, दिवसाला जास्तीत जास्त 12 तास काम, संमतीशिवाय पासपोर्ट ठेवून घ्यायचा नाही, आणि भरती करणाऱ्या ऑफिसनं कामगाराकडून पैसे घ्यायचे नाहीत. म्हणजे जिथं काम करायचं तिथं जे घ्यायला बंदी, ते तिच्याकडून इथंच, आपल्या जिल्ह्यात वसूल होतं. तिकडच्या घरमालकानं बाई आणायचे पैसे तिकडच्या ऑफिसला मोजलेले असतातच. एका माणसाच्या कामाचे दोन्हीकडून पैसे.

मला सगळ्यात जास्त छळतो तो पुढचा हिशोब. 70 हजारांचं व्याज आमच्याकडं महिना 700, सावकाराचं 2 हजार. घरी 15 हजार पाठवले, व्याजाचे 2,700 गेले, की मुद्दलाला 7,300 उरतात. पगार वेळेवर मिळाला, आजारपण आलं नाही, असं धरलं तरी कर्ज फिटायला वर्ष जातं. त्या वर्षात घरमालकानं उपाशी ठेवलं, हात उगारला, पगार दाबला, तर ती काय करणार? परत यायचं तर साज सुटत नाही आणि सावकार आईच्या दारात उभा. आपण विचारतो, एवढा त्रास होता तर आली का नाही निघून? कर्ज होतं म्हणून आली नाही. तिला पासपोर्टपेक्षा घट्ट त्या कर्जानं धरलेलं असतं. म्हणून मी फी कमी करा म्हणत नाही. घरकामाला जाणाऱ्या बाईकडून एक रुपयाही घ्यायला नको, ज्याला बाई हवी त्यानं सगळा खर्च करावा, असं माझं म्हणणं आहे.

हे माझ्या डोक्यातनं आलेलं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1997 च्या 181 नंबरच्या करारात हाच नियम आहे. फिलिपिन्सनं 2006 सालीच घरकामगार बायकांकडून भरती फी घ्यायला बंदी घातली. तिथंही ट्रेनिंगच्या नावाखाली पैसे उकळणारे निघाले, हे खरं. पण निदान ते पैसे बेकायदेशीर आहेत, हे तिथल्या बाईला माहीत असतं. हाँगकाँगमध्ये एजन्सीला पहिल्या पगाराच्या 10 टक्क्यांवर घेता येत नाही. "मग मालक दुसऱ्या देशातल्या बायका नेतील," असं एक एजंट मला म्हणाले. फिलिपिन्सच्या बायकांचं काम काही बंद पडलेलं नाही.

आणि कुवेत लांब आहे म्हणून आपण सुटलो, असं नाही. राजारामपुरी, ताराबाई पार्कातल्या किती घरांत म्हाताऱ्या माणसांजवळ चोवीस तासांची बाई आहे? त्या राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडनं आलेल्या असतात, कामाला बायका पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत. ब्युरो आपल्याकडून एक पगार घेतो, हे आपल्याला माहीत असतं. तिच्याकडूनही पहिला निम्मा पगार कापतो, हे बऱ्याच घरांत कुणी विचारलेलंच नसतं. महिन्याभरात आपण तिला बदललं तर पुढच्या घरी परत कापतो. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 पासून आहे, पण मंडळात नोंद असून तिचा हा निम्मा पगार वाचत नाही. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करा, असं केंद्राला सांगितलं. तो होईल तेव्हा होईल. ब्युरोची फी आम्ही देतो, बाईकडून काही घ्यायचं नाही, आणि तसं चिठ्ठीवर लिहून द्या, एवढं सांगायला आपल्याला कायदा लागत नाही.

त्या ताईला मी तारण देण्याआधी हे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "इथं राहून पोरांची फी कोण भरणार, वहिनी?" त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. नियमात बसणारं तारण मला नाकारता येत नाही. तिनं जाऊ नये असंही मी म्हणत नाही. तिनं कर्ज न काढता, करार हातात घेऊन जावं.

कोल्हापूर, गडहिंग्लज, आजरा, चंदगड भागातली तुमच्या ओळखीची कुणी बाई अशी तयारी करत असेल तर पैसे देण्याआधी मला इनबॉक्स करा. एजंटाची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कशी बघायची, व्हिसा कामाचा आहे की व्हिजिटचा, हे मी समोर बसून दाखवीन. रविवारी मी घरीच असते.