‘दोन मिनिटांचं काम’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

खेळकर, तिरप्या देवनागरी फॉन्टवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “सरळ फॉन्ट १२ अंश कलवला की तिरपा तयार. दोन मिनिटांच्या कामाचं एवढं कौतुक कशाला?” शिवाय नमुन्यात अनुस्वार वेलांटीला चिकटलाय आणि असे फॉन्ट फ्लेक्सवाल्यांपुरतेच, असंही म्हणालात.

अनुस्वाराचं बरोबर आहे, चित्र बदललंय. पण ‘दोन मिनिटांचं काम’ हे शब्द खटकले. मुद्दा हवा तितका कडक मांडा. जे काम कधी केलं नाही त्याची किंमत मात्र ठरवू नका. मी वीस वर्षं अक्षरं काढतोय, म्हणून हिशोबानेच सांगतो.

अक्षर कलवलं की रेघेची आडवी रुंदी तीच राहते, खरी जाडी बदलते. १२ अंश कलवल्यावर ‘र’चा उजवीकडे ४५ अंशांत उतरणारा पाय सुमारे ११ टक्के जाडावतो. तशीच उजवीकडे चढणारी रेघ १० टक्के बारीक होते. ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या पोटाची डावी बाजू वर रोडावते, खाली फुगते. अनुस्वाराचा गोल टिंब लांबट होतो. ठळक वजनात, म्हणजे जाड रेघांच्या अक्षरांत, हे लांबूनही दिसतं. एकेका अक्षराच्या बाह्यरेषेवरचे बिंदू सरकवूनच ते दुरुस्त होतं. इंडियन टाइप फाउंड्रीच्या २०१४ च्या ‘कलम’ या फॉन्टमध्ये एकेका वजनात १,०२५ चिन्हं आहेत. एवढी चिन्हं दोन मिनिटांत नुसती पाहूनही होत नाहीत.

आणि हे झालं एकसारख्या कलाचं. खेळकरपणा येतो तो अक्षरं कमीजास्त कलल्याने : एक ८ अंश, शेजारचं १४. फॉन्टमधलं अक्षर ज्या हजार एककांच्या (मापाच्या घरांच्या) चौकटीत काढतात, तीत शिरोरेषा ६५० च्या उंचीवर धरली, तर तिथे पहिलं अक्षर ९१ एककं सरकतं, दुसरं १६२. म्हणजे शिरोरेषेत ७१ एककांची फट. क्रम उलटा असेल तर दोन रेघा तेवढ्याच एकमेकींवर चढतात. काळ्या रंगात ते लपतं, नुसती बाह्यरेषा काढली की उघडं पडतं. म्हणून शिरोरेषेची टोकं सगळ्या अक्षरांत एकाच जागी कापायची आणि दोन्हीकडे १०-१५ एककं पुढे काढायची. पहिली वेलांटी त्याहून अवघड. तिचा कल एक, अक्षराच्या दंडाचा, म्हणजे उभ्या रेघेचा, दुसरा. मग तिचं टोक दंडापर्यंत पोचत नाही, नाहीतर पलीकडे जातं. अक्षरांच्या रुंदीनुसार तिचे पर्याय करावे लागतातच, इथे कलानुसारही करायचे. रफार-अनुस्वाराचे अँकर, म्हणजे ते अक्षरावर जिथे बसतात ते बिंदू, प्रत्येक अक्षराला वेगळे.

फ्लेक्सबद्दल एवढंच : मुखपृष्ठ, बालनाट्याची जाहिरात, मिठाईचा खोका, जिथे मोठ्या अक्षरांत दोन-चार शब्द असतात तिथेच हा फॉन्ट वापरायचा, हे लेखातच होतं. तो नीट वाचला असतात तर विचारावं लागलं नसतं. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. वेबवर त्याला इटॅलिक लावू नका. ब्राउझर स्वतःचा १४ अंशांच्या आसपासचा कल वर चढवतो आणि १२ चे जवळजवळ २५ होतात.

तुमचा दोन मिनिटांत कलवलेला नमुना जरूर पाठवा. त्यातल्या ‘र’ आणि ‘व’ची जाडी मोजून इथेच आकडे देतो.