मोळीचं वजन किती?

विजेचं निदान बिल तरी येतं. विकसनशील देशांतल्या कोट्यवधी घरांत ऊर्जा म्हणजे सरपण, गोवऱ्या नाहीतर कोळसा, आणि चुलीला मीटर नसतो. मग घरातला वापर मोजायचा तर "रोज किती लाकूड लागतं?" असं विचारायचं. त्याला प्रामाणिक उत्तर एकच: "लागेल तेवढं." फारच खोदलंत तर "एक मोळी". आता मोळी आणणाऱ्याच्या मानेत किती बळ आहे आणि रान किती लांब आहे, यावर मोळीचं वजन ठरतं. म्हणून विचारत बसू नये, तोलावं.

कागदावर हे फार सोपं आहे. 50 किलोपर्यंतचा टांगता काटा, दोरी, झोळी. सकाळी ढीग तोलायचा, "यातलंच जाळा" असं बजावायचं, 24 तासांनी उरलेला ढीग तोलायचा. वजाबाकी म्हणजे वापर. असे निदान तीन दिवस, म्हणजे चार फेऱ्या. काटा हातात धरून वाचण्याचा पराक्रम करू नये, आकडे नाचतात. आडव्या दांडीला टांगावा.

दुसऱ्या सकाळी ढीग वाढलेला असतो! वापर उणे 3.4 किलो, चुलीने रात्रभर बसून लाकूड तयार केलेलं. खरं कारण असं, की पोरांनी संध्याकाळी काटक्या आणल्या आणि मोठ्या भक्तिभावाने तुमच्याच ढिगावर रचल्या. नव्या सरपणाला वेगळा कोपरा द्या, मध्ये खडूची रेघ ओढा. शेजारच्या घरी उसने गेलेले ओंडके मात्र रेघ अडवत नाही, ते रोज विचारूनच घ्यावे लागतात. विझवून ठेवलेले निखारेही वेगळे तोला. किलोला किलो धरलं तर कोळशात लाकडाच्या जवळजवळ दुप्पट उष्णता असते.

काट्याला लाकूड आणि पाणी यांतला फरक कळत नाही. एकूण वजनात 30 टक्के पाणी असलेल्या 10 किलो सरपणात लाकूड 7 किलोच, आणि त्यातली काही उष्णता उरलेल्या 3 किलो पाण्याची वाफ करण्यात जाते. त्यासाठी दोन सुयांचा ओलावामापक असतो. सुया सालीत खुपसू नका, साल लवकर वाळते आणि सरळ खोटं बोलते. ढलपी फोडा, आतल्या ताज्या बाजूवर तीन ठिकाणी टोचा, सरासरी काढा. खरी मेख पुढेच आहे. बहुतेक मापक कोरड्या लाकडाच्या तुलनेत टक्केवारी दाखवतात. त्याचे 25 म्हणजे एकूण वजनातले 20. हा बदल न करता तक्ते भरणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा आत्मविश्वास मात्र कायम कोरडा ठणठणीत असतो.

काटा दारात आला की घर शिस्तीचं होतं, चूल वेळेवर विझते. म्हणून आपण नसतानाही चूल कधी पेटते ते टिपायला तिला बटणाएवढा तापमाननोंदक चिकटवतात. नेहमीच्या प्रकारात 2048 नोंदी मावतात. दर 10 मिनिटांना एक धरली तर चौदा दिवस. फार जवळ लावला आणि पारा 85 अंशांपुढे गेला, की बटणच शिजतं. फार लांब लावला, तर दुपारचं ऊन त्याला स्वयंपाक वाटतं. दुसरा नोंदक भिंतीवर लावून फरक पाहावा.

वीज असलेल्या घरात निराळा घोळ. प्रवाह मोजणारा चिमटामापक अख्ख्या वायरभोवती लावलात तर शून्य दिसतं, कारण जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना खाऊन टाकतात. एकच तार चिमट्यात घ्या. आणि फ्रिज पाच मिनिटं मोजून त्याला 24 तासांनी गुणू नका. तो अधूनमधून झोपतो.

शेवटी वापर माणशी काढायचा. कोणाला किती माणूस धरायचं याचा तक्ता असतो. त्यात 15 ते 59 वयाचा पुरुष 1, बाई 0.8, साठी गाठलेला पुरुषही 0.8, आणि 14 वर्षांपर्यंतचं मूल 0.5. जेवणारा 1 आणि रांधणारी 0.8, हा हिशोब चुलीपुढे उभं राहून मोठ्याने वाचू नये. काटा आपल्या हातात असला तरी फुंकणी तिच्या हातात असते.

चौथ्या सकाळी काटा आवरायला घेतला, की घरातून हमखास विचारणा होते: "झोळी बांधलीच आहे, तर या पोराचंही बघता का?" पोर झोळीत बसतं, पाय झाडतं, आकडा नाचतो, थांबतो. 11.26 किलो. तक्त्यात मात्र 0.5.