सेंट असा मारा की वावर कळू नये

सगळ्यात आधी एक गोष्ट मान्य करा, तुम्हाला पर्सनॅलिटी आहे. वाटत नसेल तरी मान्य करा, कारण त्याशिवाय आजकाल सेंट घेता येत नाही. पहिले लोक घामाचा वास लपवायला सेंट मारायचे, आता म्हणे आपण कोण आहो हे जगाला सांगायला मारतात, असं ते रीलवाले पोट्टे एसी दुकानात उभं राहून रोज सांगून राहिले आणि आपण इकडे यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव-पांढरकवड्याच्या मधात ठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत घोटत ते पाहतो आणि आपल्यालाही पटतं की यार, इतक्या वर्षांत आपल्याला कोणी ओळखलंच नाही, सेंटच नव्हता ना.

तर घ्या आता, फुकटात सल्ला.

पहिले तुमचा टाइप ठरवा. रोमँटिक माणसानं म्हणे फ्लोरल मारावा. पण पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, जन्म गेला असेल तर या भानगडीत पडू नका, आपलं फूल पहिल्या दिवशी पिवळसर पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि वासाच्या नावानं बोंब. त्यातही जे फूल धड उमलत नाही, पाकळ्या मुरडून बसते, ती डोमकळी, उघडून पाहा, आत गुलाबी बोंडअळी आरामात बसलेली असते. रोमँटिक तीच.

हसतमुख, चारचौघांत मिसळणाऱ्या माणसानं सिट्रस घ्यावा. हा संत्र्याच्या पट्ट्यातल्या वरुड-मोर्शीवाल्यांचा टाइप. महागड्या बाटल्यांत एक नेरोली म्हणून तेल असतं, कडू संत्र्याच्या फुलांचं, इटलीतल्या नेरोला गावच्या राजकन्येवरून सतराव्या शतकात त्याला नाव पडलं. आपलं नागपुरी संत्र त्यातलं नव्हे, पण आंबिया बहाराला जानेवारी-फेब्रुवारीत बगीचात जाऊन उभे राहा, राजकन्या-बिजकन्या विसराल. आणि भाव पडला की तीच संत्री रस्त्याच्या कडेला ओततात, तेव्हाही पहिले दोन दिवस सिट्रसच असतो हो, तिसऱ्या दिवसापासून पर्सनॅलिटी बदलते.

गंभीर, पोक्त, जबाबदार माणसाला वुडी. यात व्हेटिव्हर नावाचा प्रकार लय भाव खातो. व्हेटिव्हर म्हणजे आपला वाळा, खस. त्याच्या मुळांचं तेल हैतीपासून जगभर जाते आणि तिकडचे साहेब लोक ते मनगटाला थेंबथेंब लावतात, आपण तीच मुळं कूलरच्या टट्टीत भरून वरून पाण्याचा पाइप सोडतो. म्हणजे एप्रिल-मे मध्ये आमच्या बैठकीत बनियनवर पडलेला प्रत्येक माणूस पोक्त आणि जबाबदारच असतो, लाइट जाईपर्यंत.

आता तुम्ही म्हणाल सेंटनं आकर्षण वाढते का. वाढते ना, आणि त्याचा पुरावा बाहेरून आणायची गरज नाही, आमच्याच भागात आहे. २०१८ साली टी-१ वाघीण होती, अवनी म्हणायचे तिला, १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर, सोबत दोन बछडे, आणि काही केल्या सापडून नाही राहिली. तेव्हा तिला ओढायला जंगलात काय शिंपडलं माहीत आहे? केल्विन क्लाइनचा ऑब्सेशन फॉर मेन. त्यात सिव्हेटोन असते, जवादी मांजराच्या ग्रंथीत असतो तो वास, फक्त कारखान्यात बनवलेला, आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स झूमध्ये चित्ते त्या सेंटपाशी रेंगाळतात हे लोकांनी आधीच पाहून ठेवलं होतं. म्हणजे न्यूयॉर्कच्या साहेबाचा सेंट आमच्या बोराटीच्या जंगलातल्या झुडपांना मारला. त्या दिवसांत रात्री पीक राखायला, जागलीला जाणाऱ्या पोट्ट्यांना घरचे टॉर्च घेतला का नंतर विचारायचे, पहिले अंगाचा वास घ्यायचे. २ नोव्हेंबरच्या रात्री गोळी घालून वाघीण मारली, आणि सेंटनं बायका मागे लागतात ही जाहिरात टीव्हीवर चालूच राहिली. तर आकर्षण वाढते, नक्की वाढते. कोणाचं, ते बाटलीवर लिहून नसते.

मग येते थेअरी. सेंटला तीन थर असतात, टॉप नोट, मिडल नोट, बेस नोट. टॉप म्हणजे झाकण उघडल्यावर जो येतो तो, लिंबा-संत्र्याचा वगैरे, हलका असतो, पंधरा-वीस मिनिटांत उडून जातो. मधला दोन-चार तास राहतो. बेस सगळ्यात जड, तो शेवटपर्यंत अंगाला चिकटून. बाटलीत तेल किती आणि अल्कोहोल किती यावरही असते, कोलोनमध्ये तेल २ ते ४ टक्के, ओ द तोआलेतमध्ये ५ ते १५, ओ द परफ्युममध्ये १५ ते २०. आठवडी बाजारात ताडपत्रीवर जो मिळतो त्यात किती असते ते विचारू नका, दुकानदार म्हणतो "घ्या ना भाऊ, इंपोर्टेड हाय", आणि खाली पत्ता कुठलाच नसतो, तीच त्याची पर्सनॅलिटी.

अजून एक नियम म्हणजे सेंट कागदावर हुंगून घेऊ नये, कातडीवर टेस्ट करावा, तासभर थांबावं, प्रत्येकाच्या अंगावर वास वेगळा उठतो. ही टेस्ट आम्ही जुलै ते ऑक्टोबर करतोच. फवारणीचा पाठीवरचा पंप झाकणाजवळून गळते, ते दवाईचं पाणी पाठीवरून कमरेत उतरते, तासभर काय, दिवसभर थांबतो आम्ही. आणि पर्सनॅलिटी ओळखायचा तक्ताही आपल्याकडे कृषी केंद्रात आधीपासून आहे, दवाईच्या डब्यावर तो तिकोन छापलेला असतो ना, त्याचा रंग पाहा. हिरवा म्हणजे स्वभावानं थंड, निळा म्हणजे थोडा तापट, पिवळा म्हणजे याच्या नादी लागू नये, आणि लाल म्हणजे एकदा भेटला की माणूस विसरत नाही, विसरायला राहिला तर. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले. डब्यासोबत जी घडीची चिठ्ठी येते तिच्यात मास्क घाला, हातमोजे घाला सगळं छापलेलं असते, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. सेंटच्या बाटलीवर मात्र 'डोळ्यांपासून दूर ठेवा' चांगलं ठळक असते.

बरं, हे सगळं ज्ञान मला आलं कुठून, तर माझ्या चुलतभावामुळे. वय बत्तीस, सहा एकर कोरडवाहू, व्यसन म्हणाल तर खर्रा, तोही दिवसाला दोनच. गेल्या तीन वर्षांत अकरा पोरी पाहून झाल्या. पोरी चांगल्या, घरं चांगली, पोहे चांगले, पण शेवटी प्रश्न एकच, पोरगा नोकरीवर आहे काय. तर बाराव्या वेळी मध्यस्थानं फोनवर बजावून ठेवलं, "सेंट मारून आन त्याले बापा, दवाईचा वास यायले नोको, त्या लोकायले वाटलं पाह्यजे का पोट्टा कंपनीत हाय."

म्हणजे नीट ऐका, इथं खरा सल्ला आहे. बाकी जगात सेंट म्हणे माणसाची ओळख दाखवायला असतो. आपल्याकडे तो वावर, म्हणजे शेत, झाकायला लागतो. त्या हिशोबानंच बाटली घ्या, उगाच तुमच्या आवडीची घेऊ नका.

भावानं पुण्याला असलेल्या भाच्याची बाटली मागून आणली, वुडी, ओ द परफ्युम, काळी चौकोनी. पोरगी पाहायला जायच्या दिवशीच सकाळी सातला फवारणी होती, पाऊस उघडला होता, तीन दिवस थांबून बसलेली, करता काय. साडेदहाला आला, लाइफबॉय दोनदा घासला, नवीन शर्ट घातला आणि मग सेंट. आम्ही त्याला समजावलं की मनगटावर, कानामागे, मानेवर मारायचा असतो, तिथं नस गरम असते म्हणून वास उठतो, तर म्हणे हाव, आणि शर्टावर, दुपट्ट्यावर, बुटात, आणि शेवटी वर हवेत मारून त्याच्या खाली गोल फिरला. बूट का म्हणून विचारलं तर म्हणे दारात काढाच लागते ना, मग तिथूनच इम्प्रेशन पडते. आजी ओसरीवरून म्हणाली, "काय रे, कोन गेलं?" कारण तिला इतका वास फक्त अर्थीजवळ माहीत.

दोन काळीपिवळ्या बदलून घाटंजीकडच्या त्या गावात गेलो. ऑक्टोबरचं ऊन, एका सीटवर पाच जण, बाजूच्या बाईच्या पिशवीत सुकट. टॉप नोट पहिल्या गाडीतच उतरून गेली. मिडल नोट कुठं गेली ते सुकटीला माहीत. पोचलो तेव्हा भावाच्या अंगावर काय उरलं होतं ते त्याला स्वतःला कळून नव्हतं राहिलं, आणि कळणारही नव्हतं, कारण एकच वास सतत घेतला की नाक त्याला दाद देणं सोडते, घरचा वास घरच्याला येत नाही तसं.

बैठकीत बसलो. पोहे आले, वर शेव, बाजूला लिंबाची फोड. पोरीचे वडील समोरच्या लोखंडी खुर्चीवर, पांढरी टोपी, हातावर उन्हानं उडालेला रंग. बोलता बोलता ते थांबले, मान थोडी पुढे केली, नाक एकदाच वर घेतलं. फ्रान्समध्ये ग्रास म्हणून सेंटचं गाव आहे, तिथं जो माणूस नुसत्या वासावरून आत काय काय मिसळलं ते सांगतो त्याला सरळ 'नाक'च म्हणतात. काकाजी ग्रासला असते तर त्यांनी बंगला बांधला असता.

"सकायी फवारनी झाली वाटते?"

भावाचा चमचा तिथंच थांबला. मध्यस्थ छताच्या पंख्याकडे पाहायला लागला.

"प्रोफेनो मारलं ना?"

"हाव जी काकाजी."

"लसनावानी वास असते त्याचा, लपत नाई तो. बोंडअयी हाय काय तुमच्याकडं?"

झालं. पुढचा दीड तास पोरीचा विषय निघाला नाही. किती पंपाला किती मिली, मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे फेरोमन सापळे लावले का, फरदड, म्हणजे त्याच पऱ्हाटीवर लांबवलेलं पीक, घेऊ नये म्हणतात पण पोट कोण भरते, यंदा बोंडं फुटायच्या टायमाला पाऊस पडला. काकाजींनी भावाला वावर दाखवायला नेलं. भाऊ एका पऱ्हाटीपाशी उकिडवा बसला, दोन बोटांनी हिरवं बोंड फोडलं, आतली अळी नखावर घेऊन दाखवली, दोघंही तिच्याकडे अशा नजरेनं पाहून राहिले जशी बारावी पोरगी तीच. तीन वर्षांत इतकं खुलून मी त्याला कोणत्याच घरी बोलताना पाहिलं नव्हतं. परत आलो तेव्हा चहा झाला, पोरगी येऊन गेली, चांगली होती, एमए करत होती. निघताना काकाजी बंडीपाशी उभं राहून हळू आवाजात बोलले, "पोट्टा तं हिरा हाय. पन पोट्टीले नोकरीवाला पाह्यजे म्हन्ते, आन खरं सांगू काय, मलेही वाटते का तिनं तरी यातून निंगावं."

ते स्वतःच्याच वावराच्या धुऱ्याकडे, बांधाकडे पाहत बोलले म्हणून आम्ही काही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. घरात धावपळ, काकूनं देवाजवळ दिवा लावला, मध्यस्थाला निरोप गेला, आजी ओसरीवरून उठून आत आली, भावानं स्पीकर चालू केला.

"बाबू, त्या दवाईच्या कंपनीचं नाव पाठवता काय? इकडल्या कृषी केंद्रावाला भलतंच टिकवून राह्यला मले."

भाऊ हाव म्हणाला, कोठ्यात गेला, डबा कोनाड्यात होता, त्याच्या बाजूलाच ती काळी चौकोनी बाटली. त्यानं डबा उजेडात धरून फोटो काढला. तिकोन कापला गेला म्हणून परत काढला.